विश्रांतीची सावड

मे महिना सरत आला की कालगोल गावच्या बायका एकमेकींशी आभाळाकडं बघून बोलतात. त्या साली पाऊस दहा जूनला येणार असं सांगितलं होतं आणि लसूण अजून जमिनीत होता. अकरा बायका, सहा वावरं. लसूण उपटायचा, दोन-तीन दिवस तिथंच उन्हात पसरायचा, मग छपराखाली न्यायचा. भिजला तर पाकळीत काळं शिरतं आणि सोसायटीच्या लिलावात त्याला कुणी हात लावत नाही. शिवाय लसूण निघाल्याशिवाय त्याच वावरात भाताचं पाणी सोडता येत नाही. तरणी माणसं केव्हाच बुसानला नाहीतर सोलला गेलेली. गावातली सगळ्यात धाकटी बाई बासष्टची. तेव्हा सगळं काम सावडीवर. आज अकरा जणी तुझ्या वावरात, उद्या त्याच अकरा जणी माझ्या.

मुसोंग गावाहून सून आलेल्या मुसोंगकरणीचं वावर ओढ्याच्या कडेला, सगळ्यांत खोलगट. पाणी आधी तिथं साचतं म्हणून पहिला दिवस तिचा धरला. एक जूनला अकरा जणींनी वाकून तिचा सगळा लसूण काढला. दोन जूनला सकाळी तिच्या मनगटावरचा तब्येत मोजणारा पट्टा केशरी झाला.

केशरी म्हणजे सक्तीची विश्रांती, नऊ दिवस. अंगणापलीकडं गेलं, वाकून काही उचललं, पट्टा काढून ठेवला, की दवाखान्यातल्या यंत्राच्या कपाटाला कळायचं. तीनदा कळलं की नाव वर्षभर उपचाराच्या यादीतून बाहेर, आणि रोज पहाटे उडत येऊन अंगणात उतरणारी औषधाची डबी बंद. फक्त दवाखान्यात यायला मुभा होती. म्हणून ती सात वाजताच दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली.

डॉक्टर बान जेउ दार उघडायला आला तेव्हा त्याच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता. अठ्ठावीस वर्षांचा हा पोरगा सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीऐवजी तीन वर्षं खेड्यात डॉक्टरकी करायला आलेला, त्यातली दीड संपली होती. पहिलं वर्ष तो गळ्यात नळी अडकवून घरोघर फिरला. शिकत असताना त्यानं एक वरिष्ठ डॉक्टर बघितला होता. संगणकाच्या पडद्यासमोरून न उठता त्यानं एका रोग्याच्या कागदावर 'पोट मऊ' असं लिहिलं होतं, आणि त्या रोग्याच्या पोटावर छातीपासून बेंबीपर्यंत टाके होते. त्या दिवशी जेउनं स्वतःशी ठरवलं, आपल्या हाताला जे लागलं नाही ते आपण लिहायचं नाही. असले नेम त्या वयात बरेच जण करतात. ह्यानं तो पाळला, एवढंच.

मग गेल्या हिवाळ्यात कपाट आलं. माणसाएवढं, पांढरं, गुळगुळीत. साठीच्या वरच्या सगळ्यांच्या मनगटाला पट्टे बसले आणि काळजाचे ठोके, रक्तदाब, झोप, सगळं कपाटाकडं जायला लागलं. औषध किती, विश्रांती कुणाला, शहरात कुणाला न्यायचं, हे कपाट ठरवी. डॉक्टरनं खाली बोट टेकवून सही करायची. त्याला स्वतःला काही म्हणायचं असेल तर 'शेरा' नावाचा एक रकाना होता. बायकांनी कपाटाचं नाव 'थोरले डॉक्टर' ठेवलं. मग जेउ आपोआप धाकटा झाला.

"हे काढा," मुसोंगकरणीनं मनगट टेबलावर ठेवलं.

"आजी, ते काढायचा मला अधिकार नाही."

"मग रंग तरी बदला."

तो तोंड धुऊन आला आणि तिला तपासायला बसला. घोटे दाबून बघितले, किंचित सूज. छाती ऐकली, पाठ ऐकली. बाहेरच्या पडवीत तिला दोनदा चालायला लावलं आणि पुन्हा नाडी धरली. शहात्तर वर्षांच्या, उभा जन्म वाकून काढलेल्या बाईचं जसं असायचं तसं ते काळीज होतं. थकलेलं, पण बिघडलेलं नाही. त्यानं शेऱ्यात लिहिलं, 'घोट्यांना अल्प सूज. छाती साफ. बसून हलके काम करण्यास हरकत नाही.' कपाटानं 'नोंद घेतली' असं दाखवलं. पट्टा केशरीच राहिला.

"काय म्हणाले थोरले?"

"नाही म्हणाले."

"आन् तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, थोडं काम चालेल."

"मग?"

"मग काही नाही, आजी."

"मग तुम्ही कशापायी हाय हितं?" तिनं विचारलं. रागानं नाही. बस किती वाजता आहे असं विचारावं तसं.

जेउच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "बाकीच्या समजून घेतील," तो म्हणाला.

"घेतील की. त्येच तर दुखणं हाय. काल अकरा जणींनी माझा लसूण काढला. आज त्या उन्हात आन् मी घरात पाय पसरून. आमचा म्हातारा तेवढा बोलायचा न्हाई, त्येला बरंच वाटंल."

ती गेल्यावर टेबलावर मातीचे दोन ठसे राहिले. जेउनं ते पुसले नाहीत.

तीन तारखेला तिच्या नावापुढं आकडे चांगले आले. नाडी अडुसष्ट, दुपारी दोन तास झोप. चार तारखेला त्याहून बरे. पाच तारखेला कपाटानं लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करीत आहे. प्रकृतीत सुधारणा.' जेउला बरं वाटलं आणि थोडं टोचलंही, कारण त्याचा अर्थ कपाटाचंच खरं होतं. तो सायकल काढून तिच्या घरी गेला.

अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर तिचा नवरा ताल्सू मांडी घालून लसणाचे वाळलेले दांडे कात्रीनं कापत बसला होता. एक्क्याऐंशीचा, सुकलेल्या बांबूसारखा माणूस. हिवाळ्यात पट्टा बांधायला माणसं आली तेव्हा ह्यानं हात पाठीमागं घेतले होते. "कुत्र्याला बांधा," म्हणाला होता, "त्ये तरी पळून जातंय." गावात बिनपट्ट्याचा तोच एक.

"आजी कुठायत?"

"निजलीय. तुमच्या त्या कपाटानं सांगितलंय न्हवं."

दार लोटलेलं होतं. उंबऱ्यापाशी जांभळ्या रबरी चपला होत्या आणि आत खरंच कुणीतरी घोरत होतं. जेउ समाधानानं परत गेला.

घोरत होती तोक्चोनकरीण. ह्या गावात बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात आणि जांभळ्या रबरी चपला सगळ्याच जणी घालतात, त्यामुळं चपलांवरून काही कळायचं नाही. झालं होतं ते असं. दोन तारखेला दुपारी बांधावर नूडल्स खाताना नल्बावीकरणीनं तोड काढली. नल्बावीकरीण एक्काहत्तरची, गुडघ्यांनी कामातून गेलेली, पण जिभेनं सगळ्यांना पुरून उरणारी.

"कामाची सावड हाय, तर इसाव्याची का नगं?" ती म्हणाली. "उद्या मी मुसोंगकरणीच्या वाटचं निजते. ती माझ्या वाटचं उपटंल. परवा दुसरी कुणी, तेरवा तोक्चोनकरीण निजंल. दिवसाला दिवस."

कुणालाही ह्यात फसवणूक वाटली नाही. कामाला माणसं दहा ती दहाच राहिली. मुसोंगकरीण घरी बसली असती तरी दहाच होती. पण आता तिचा दिवस भरत होता आणि ज्यांचे गुडघे गेलेले त्यांना पाळीपाळीनं पाठ टेकायला मिळत होती. पट्टा तेवढा ह्या मनगटावरून त्या मनगटावर जायचा. तो बनवणाऱ्यांनी असं कुणी करील हे धरलंच नव्हतं. त्यांनी सावड बघितलेली नव्हती.

पाच तारखेला संध्याकाळी हवामानखात्यानं शब्द फिरवला. पाऊस दहाला नाही, आठला. नल्बावीकरणीचं वावर तेवढं राहिलं होतं, ते सहाला उपटलं तरच एक दिवसाचं ऊन मिळत होतं. आता एकीलाही निजायला सवड नव्हती, अकरा जणी वाकायलाच हव्या होत्या. सकाळी मुसोंगकरणीनं पट्टा नवऱ्यापुढं धरला.

"न्हाई म्हंजे न्हाई," म्हातारा म्हणाला.

"दिवसभर बसूनच तर ऱ्हाता. बसायचं आन् दांडं कापायचं. येवढं माझ्यासाठी करा."

"कुणी बघितलं तर?"

"बाही खाली वढा."

त्यानं मनगट पुढं केलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. बांधून झाल्यावर लांब बाहीचा सदरा घालून गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. उकडत होतं तरी.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी कपाटातून असा आवाज आला जो जेउनं आजवर ऐकला नव्हता. पडद्यावर नाव होतं योम सुन्ब्ये, वय शहात्तर. हे नाव मुसोंगकरणीचं आहे हे त्याला आठवायला क्षणभर लागला. खाली लिहिलं होतं, 'छातीतील मुख्य रक्तवाहिनी आतून उसवत आहे. शस्त्रक्रियेविना अंदाजे सहा तास. हेलिकॉप्टर निघाले. पोहोचण्यास पन्नास मिनिटे.'

सायकल घेऊन तो सुटला. म्हातारा चौथऱ्यावर होता तसाच होता.

"आजी?"

"निजलीय."

जेउनं दार उघडलं. गादी घडी घालून ठेवलेली. खोलीत कुणी नव्हतं.

"कुठं गेल्या?"

म्हाताऱ्यानं डावा हात मांडीखाली सारला. "वावरात आसंल," तो म्हणाला. "मला काय इचारता. मी म्हातारा माणूस."

नल्बावीकरणीच्या वावरात अकरा जणी एका ओळीत होत्या. पुढच्या दोघी दातेरी खोरं मुळाखाली खुपसून पायानं दाबायच्या, माती उचलली जायची, मागच्या लसूण ओढून माती झटकून आडवा ठेवायच्या. पुढच्या दोघींत एक मुसोंगकरीण होती. ती खोऱ्यावर अख्ख्या अंगाचा भार देऊन उभी होती आणि तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. सहा तासांत मरणारी बाई अशी दिसत नाही, एवढं जेउला कळत होतं.

"आजी, तुमचा पट्टा कुठाय?"

ओळ थांबली. सगळ्यांच्या हातांत दंडापर्यंत कापडी बाह्या, मनगट कुणाचंच दिसत नव्हतं.

"माझ्याकडं हाय," नल्बावीकरीण म्हणाली. "काय नाव कापायचं ते माझं कापा."

"तिच्याकडं कशाला असंल? माझ्याकडं हाय," तोक्चोनकरीण म्हणाली.

"दोघी बी खोटं बोलत्यात. मी घेतला सकाळी," मागून तिसरी म्हणाली, आणि तिच्यामागून आणखी दोघी.

त्या समजल्या की धाकटे डॉक्टर नाव कापायला आले. मग एकीच्या डोक्यावर का, सगळ्यांनी वाटून घ्यावं. लसूण वाटून उपटला, निजणं वाटून घेतलं, आता दोषही. जेउ एकेकीची बाही वर करत सुटला. प्रत्येकीच्या हाताला तिचा तिचा पट्टा. तीन बायका झाल्यावर त्याचा धीर सुटला.

"तो पट्टा ज्याच्या हातात आहे," तो म्हणाला, "तो माणूस आज संध्याकाळपर्यंत मरणार आहे. मला नाव कापायचं नाही. माणूस सांगा."

मुसोंगकरणीच्या हातातलं खोरं मातीत तसंच उभं राहिलं. "म्हातारा," ती म्हणाली, आणि बांधाकडं चालायला लागली. धावली नाही. तिचे पाय धावण्याचे राहिले नव्हते. जेउनं तिला सायकलच्या मागं बसवलं आणि चढावर उतरून ढकलत नेली.

अंगणात आल्यावर तिनं काही न बोलता नवऱ्याची बाही वर ओढली. पट्टा लाल होऊन लुकलुकत होता. म्हातारा कात्रीकडं बघत राहिला. "तूच म्हनलीस," तो पुटपुटला.

जेउनं त्याला चौथऱ्यावर आडवा केला. दोन्ही मनगटांच्या नाड्या एकदम धरल्या. सारख्या. मांड्यांच्या नाड्या धरल्या, त्याही सारख्या. उजव्या हाताचा रक्तदाब घेतला, एकशे सेहेचाळीस. डाव्याचा, एकशे चव्वेचाळीस. अशा दुखण्यात दोन हातांत मोठा फरक यावा लागतो. छाती ऐकली. पाठीला कान लावावा तशी नळी लावून ऐकली. पुन्हा उजवा हात, पुन्हा डावा. त्याला काहीतरी सापडायला हवं होतं आणि सापडत नव्हतं.

"छातीत दुखतं?"

"न्हाई."

"पाठीत?"

"साठ वर्सं दुखतीय."

"आज जास्त?"

"न्हाई. आज जरा बरीच हाय. बसून हाय न्हवं."

मुसोंगकरीण पाण्याची कळशी घेऊन पायऱ्यांवर बसली होती. "काय लागलं हाताला?"

"काही नाही."

"थोरले काय म्हणत्यात?"

"वाचणार नाहीत म्हणतात."

"आन् तुम्ही काय म्हणता?"

तोच प्रश्न. जेउनं घड्याळ बघितलं. चौदा मिनिटं उरली होती.

नियम सरळ होते आणि ते त्याला पाठ होते. हेलिकॉप्टर ज्याच्या नावानं निघालं त्यालाच नेतं, आणि ते नाव बाईचं होतं. पट्टा दुसऱ्याच्या हातात होता असं कळवलं तर ते मोजमाप रद्द. बाईचं नाव वर्षभरासाठी कापलं जाणार, ज्यांनी ज्यांनी पट्टा घातला त्यांचंही, आणि मोजमापच रद्द म्हटल्यावर म्हाताऱ्यालाही कुणी नेणार नाही. बिनपट्ट्याच्या माणसाला न्यायचं तर एकच वाट होती. डॉक्टरनं स्वतः तपासून दोष सापडल्याचं लिहायला हवं. शेऱ्याच्या रकान्याला जन्मात पहिल्यांदा वजन येणार होतं आणि त्यात लिहायला त्याच्याकडं काही नव्हतं.

त्याचा हात सांगत होता, माणूस ठीक आहे. ज्या कपाटावर तो सहा महिने मनात चरफडत होता ते सांगत होतं, नाही.

त्यानं खिशातली कपाटाला जोडलेली पाटी काढली आणि म्हाताऱ्याच्या नावाखाली लिहिलं, 'उजव्या हाताचा दाब १७२, डाव्याचा ११८. पाठीत अचानक, फाटल्यासारखी कळ.' सही केली. मग बाईच्या नावाखाली लिहिलं, 'प्रत्यक्ष तपासले. प्रकृती ठीक. पट्टा सैल होता.' त्यातलं शेवटचं वाक्य तर धडधडीत खोटं. म्हाताऱ्याच्या हातातून पट्टा काढून त्यानं मुसोंगकरणीला बांधला. दोन मिनिटांत लालाचा केशरी झाला.

"आजोबा, कुणी विचारलं तर पाठ फाटल्यासारखी दुखतेय म्हणायचं."

"मी कुटं जात न्हाई. परवा पाऊस हाय. दांडं कोण कापणार?"

"उठा," बायको म्हणाली.

"आगं पर—"

"उठा म्हनते न्हवं."

म्हातारा उठून बसला. तिनं कळशीतलं पाणी ओतून त्याचे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतली माती नखानं काढली, डोक्याचं फडकं सोडून पुसले. परक्या माणसांत जायचं, पाय तरी स्वच्छ हवेत. तो लहान पोरासारखा पाय पुढं करून बसला होता आणि त्याला लाज वाटत होती ती पायांची.

बंद पडलेल्या शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं. स्ट्रेचर घेऊन आलेल्या बाईनं पाटीवरचे आकडे वाचले.

"तुम्हीच मोजलंत?"

"हो," जेउ म्हणाला.

तिनं पुन्हा मोजलं नाही. डॉक्टरनं हातानं मोजलंय म्हटल्यावर कशाला मोजेल. मुसोंगकरणीला सोबत घेतलं नाही, तिचा पट्टा केशरी होता. धूळ खाली बसेपर्यंत ती मैदानात उभी राहिली, मग एकदा कळलं तर कळलं म्हणून वावरात परत गेली. अजून सात ओळी राहिल्या होत्या.

जेउ दवाखान्यात टेलिफोनसमोर बसून राहिला. म्हाताऱ्याला काही निघालं नाही तर आपण एका धडधाकट माणसाला खोटं लिहून उडवलं. निघालं तर मग आपल्या हाताचा उपयोग काय. दोन्हीकडून तोच अडकत होता. आणि तरीही त्याची इच्छा एकच होती, म्हातारा जगावा.

साडेसहाला शहरातल्या सर्जनचा फोन आला. रक्तवाहिनी आतून दीड इंच उसवलेली होती. अगदी सुरुवात. आणखी तासाभरात पुढं गेली असती. शिवून झालं, माणूस शुद्धीवर येतोय.

"हातानं ओळखलंत तुम्ही?" सर्जन म्हणाला. "आमच्याकडं आता कुणाला येत नाही ते. त्याच्याकडं तर पट्टाही नव्हता."

जेउला इतका आनंद झाला की त्याला खुर्चीवरून उठावं लागलं. मग त्या वाक्याची लाज वाटली. तो फक्त "आभारी आहे" म्हणाला.

दोन दिवसांनी शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदाच कुणीतरी उत्तर दिलं होतं. 'उत्कृष्ट तपासणी.' त्यापाठोपाठ जिल्ह्याचं पत्र आलं. शरद ऋतूत नव्या डॉक्टरांची सभा आहे, हातानं तपासण्याचं महत्त्व ह्या विषयावर आपण दोन शब्द बोलावेत. ते पत्र त्यानं पट्ट्या-कापसाच्या खणात ठेवलं आणि उत्तर पाठवलं नाही.

पाऊस आठला दुपारी आला. नल्बावीकरणीचा लसूण सकाळीच छपराखाली आला होता, एक दिवसाच्या उन्हावर. थोडा ओलसर, पण वाचला. आता सगळ्यांचं काम बसून. दांडे कापायचे, मुळ्या छाटायच्या, शंभर-शंभरच्या जुड्या बांधायच्या. रविवारी मुसोंगकरणीच्या छपराखाली सगळ्या जमल्या. म्हाताऱ्याला अजून पंधरा दिवस शहरातल्या दवाखान्यात राहायचं होतं. त्याची कात्री मोकळी होती.

जेउ छत्री मिटून आत आला. "आजोबांचा दिवस मी भरतो," तो म्हणाला.

"आन् मग तुमचा दिवस आमी कुटं भरायचा? दवाखान्यात?" नल्बावीकरीण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. त्याला कात्री मिळाली, बसायला पोतं मिळालं. पहिल्या तासात त्याच्या अंगठ्याला फोड आला. दांडा कुठं कापायचा हे त्याला चारदा सांगावं लागलं. "जरा वर. आवो, वर. मुंडी उडवायची न्हाई त्येची."

छपरावर पाऊस वाजत होता. तोक्चोनकरीण बार्लीचा चहा ओतत होती. जेउचं लक्ष तिच्या मनगटाकडं गेलं. मोकळं होतं. शेजारचीचं बघितलं. तेही.

"पट्टे कुठायत?"

"हाय की," तोक्चोनकरीण म्हणाली. "चमच्यांच्या खणात."

"आता त्येची काय गरज?" नल्बावीकरणीनं आपला पट्टा सोडला आणि कापलेल्या दांड्यांच्या ढिगावर टाकला. मग बसल्या जागेवरून सरकत सरकत जेउपुढं आली आणि हात पुढं केला. "थोरल्यांनी तर मुसोंगकरणीचं नाव घेतलं व्हतं, ताल्सूचं न्हाई. त्येचं दुखणं नुसत्या हातानं वळखलं, आसं साऱ्या जिल्ह्यात बोलत्यात. तुमच्या हाताला कळलं. मला चार दिस छातीत कसंसंच हुतंय. तुम्ही बगा. तुमच्या हातावर माझा इस्वास हाय."

दहा कात्र्या थांबल्या होत्या. दीड वर्ष ज्याची वाट बघितली ते हेच, जेउच्या मनात आलं. त्यानं तिचा हात धरला नाही.

"त्या दिवशी माझ्या हाताला काही लागलं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"दोन्ही हातांचा दाब सारखा होता. नाड्या सारख्या होत्या. माझ्या हाताप्रमाणं आजोबा ठणठणीत होते. जे कळलं ते कपाटाला कळलं, त्यांच्या हातात आजींचा पट्टा होता म्हणून. मी आकडे खोटे लिहिले."

नल्बावीकरणीनं हात तसाच हवेत धरला होता, तो हळूच मांडीवर घेतला. पोरानं वाढदिवसाला यायचं कबूल करून येत नाही असं फोनवर सांगावं, तसं तिचं तोंड झालं.

"मोठेपणा नगं म्हनून सांगतायसा," ती म्हणाली.

"नाही. खरं सांगतोय."

"त्येनला काय बी लागलं न्हवतं," मुसोंगकरीण म्हणाली. ती मान खाली घालून जुडी बांधत होती. "मी पायरीवरच बसले व्हते. त्येंचं तोंड बघितलं म्या. चारदा मोजलं त्येंनी आन् दर टायमाला तोंड आणखी उतरलं. पर माझ्या म्हाताऱ्यासाठी लिवलं. सवतःचा हात खोटा पाडून लिवलं."

"मग हाताचं काय?" नल्बावीकरणीनं विचारलं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. "मग ह्यो हात कशापायी?"

मुसोंगकरीण कमरेवर हात ठेवून उठली. दांड्यांच्या ढिगात हात घालून तिनं पट्टा शोधून काढला, माती पायजम्याला पुसली, आणि जेउच्या हातात दिला.

"बांधा," ती म्हणाली. "जिचा तिला. आन् बांधल्यावर हात लगीच काढू नगा."

जेउनं नल्बावीकरणीच्या मनगटाला पट्टा बांधला. तिचं मनगट त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक होतं, आणि त्याला लसणाचा वास येत होता. बटण बसल्यावर त्यानं दोन बोटं नाडीवर तशीच ठेवली आणि मोजायला लागला. एवढा वेळ तोंड बंद ठेवणं नल्बावीकरणीला आयुष्यात जमलं नव्हतं. साठ ठोक्यांच्या पुढं जाईपर्यंत ती गप्प बसली. मधे एकदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या अंगाला दुसऱ्या माणसाचा हात लागून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक.

"काय लागलं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"थोरले काय म्हणत्यात?"

त्यानं पट्ट्याकडं बघितलं. हिरवा होता. "तेही काही नाही म्हणतात."

"बरं," ती म्हणाली, आणि सरकत आपल्या जागेवर गेली.

तोक्चोनकरीण चहाची किटली ठेवून घरी जाऊन आली आणि खणातला पट्टा घेऊन रांगेत बसली. मग दुसरी गेली. संध्याकाळपर्यंत जेउनं म्हाताऱ्याच्या वाटच्या नऊ जुड्या बांधल्या आणि चार पट्टे.

दवाखान्यात आल्यावर त्यानं हात धुतले. फोड फुटला होता, साबण झोंबला. मग कपाटापुढं बसून नल्बावीकरणीच्या नावाखाली शेऱ्यात लिहिलं, 'हाताने तपासले. काही आढळले नाही.' कपाटानं 'नोंद घेतली' असं दाखवलं. त्यानं दुसरीचं नाव उघडलं.